कुसरीच्या पानांवरचे डाग

आमच्याकडे राहायला येणारी माणसं आधी विचारतात, समुद्र किती लांब आहे. मग विचारतात, जेवणात मासे मिळतील का. ही मुलगी आली आणि पाठीवरची सॅक खाली न ठेवताच तिनं विचारलं, "आजी, तुमच्या वाडीत खराब पानं आहेत का?"

म्हटलं, "खराब म्हणजे कशी?"

"काळे डाग पडलेली."

आता श्रीवर्धनात लग्न होऊन आले त्याला पन्नासाच्या वर वर्षं झाली. एवढ्या वर्षांत पाहुण्यापुढे खराब पान ठेवायचं नाही एवढं तर मी शिकलेच. केळीचं पान मांडतानासुद्धा फाटकं असेल ते घरच्या बाईला. आणि ही पोर आम्ही जे मागे सारतो तेच बघायला एवढ्या लांबून आली होती. मी म्हटलं, "आधी हातपाय धू, चहा घे. खराब पानांना इथे काय तोटा!"

मार्गशीर्ष लागला होता. अंगणात सुपारी वाळत पडली होती. मागच्या दोन खोल्या मी पर्यटकांना देते, पण ती माणसं शनिवार-रविवारची. मधल्या वारी आपलं मीच एकटी. त्यामुळे पंधरा दिवस राहणारी पाहुणी म्हणजे मला सणच होता. खरं सांगायचं तर ती काय शिकते यापेक्षा ती बोलते का, हे मी आधी बघितलं. बोलत होती.

डॉक्टरेट करत होती ती. पानांवर राहणाऱ्या एका काळ्या बुरशीवर. ती बुरशी इतकी बारीक की एकटी असली तर दिसतच नाही. हजारोंनी एका जागी वस्ती केली की तेव्हा कुठे मोहरीएवढा काळा ठिपका आपल्या नजरेला पडतो. असल्या बुरशीच्या जाती किती, कुठली कुठल्या झाडावर राहते, आणि कुठल्या गावापासून कुठल्या गावापर्यंत सापडते, हे ती सहा वर्षं लिहीत होती. सगळं झालं होतं, शेवटचं एक प्रकरण सोडून. तिच्या सरांनी तिला सांगितलं होतं, उरणपासून खाली श्रीवर्धनपर्यंत तुझा नकाशा रिकामा आहे, तो भर.

"रिकामा म्हणजे इथे बुरशी नाही असं नाही, आजी. इथे कोणी बघायला आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ."

म्हटलं, "ते मला नको समजावूस. आमच्या रस्त्यातले खड्डेही कागदावर नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला घरामागची सुपारीची वाडी दाखवली. लिंबाची काळी पडलेली पानं तर मी मोठ्या ऐटीत दाखवली, म्हटलं हिचं काम पहिल्याच झाडावर होऊन जाणार. तिनं एका पानावरून अंगठा फिरवला. काळं निघून आलं, खाली पान हिरवंगार.

"ही नाही," म्हणाली. "ही नुसती काजळी. किडे पानांवर गोड चिकट घाण टाकतात, त्यावर ही जगते. झाडाशी हिचं काही देणंघेणं नाही. पुसली की गेली."

मग कुंपणावरच्या कुसरीपाशी आलो. कुसर म्हणजे आमच्याकडची रानजाई. उन्हाळ्यात पांढरी फुलं येतात, वासानं डोकं धरतं. तिच्या पानावरच्या ठिपक्यावरून मुलीनं अंगठा फिरवला, घासला. ठिपका जागचा हलला नाही.

"ही बघा आमची! हिचे पाय पानात रोवलेले असतात. झाडाला मारत नाही, पण सोडतही नाही."

मला एकदम बारशाला म्हणून आलेले आणि अडीच वर्षं राहिलेले आमचे एक काका आठवले. पण सासरकडचे होते, म्हणून बोलले नाही.

आणखी एक गंमत तिनं सांगितली. ही बुरशी म्हणे आपापलं झाड धरून असते. जांभळावरची जांभळावर, कुसरीवरची कुसरीवर. वाऱ्यानं उडून शेजारच्या झाडावर पडली तरी तिथे रुजायची नाही.

"म्हणजे रोटीबेटी ठरलेली," मी म्हटलं.

"अगदी! आणि आम्ही त्यांच्या पोटजाती पाडत बसतो."

म्हटलं बरं आहे, माणसांच्या पुरल्या नव्हत्या.

काम करायची तिची रीत मोठी पाहण्यासारखी. नेलपॉलिशची बाटली काढायची, बिनरंगाची, आणि पानावरच्या काळ्या ठिपक्यावर एक हात द्यायचा. वाळलं की चिमट्यानं पापुद्रा ओढायचा. पापुद्र्याबरोबर अख्खी बुरशी उठून येते. तो काचेवर ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. सूक्ष्मदर्शक ठेवला होता माझ्या जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी. मलाही दाखवलं. काळ्या दोऱ्यांचं जाळं, मधून उभे राठ केस, आणि करवंदासारख्या गोळ्या. त्या गोळ्यांत बी तयार होते. म्हटलं, करवंदाची जाळीच आहे की!

तर असं हे नेलपॉलिश लावणं चाललं असताना कुंपणापलीकडून माझी धाकटी जाऊ बघत होती. तिची वाडी आणि माझी वाडी एकाच वाडीचे दोन तुकडे. मध्ये हे कुसरीचं कुंपण. मुलगी आत गेल्याबरोबर जाऊ कुंपणाशी आली.

"वहिनी, ती पानांना नेलपॉलिश लावते?"

"लावते."

"आणि वहीत काय लिहिते?"

"काही नाही गं. झाडाचं नाव, गाव, कोणाची वाडी, तारीख."

जाऊ गप्प झाली. आमची जाऊ गप्प झाली की समजावं, काहीतरी शिजायला लागलं.

याचं कारण सांगायला हवं. ते मोठं चक्रीवादळ झालं तेव्हा आमच्या आळीतली निम्मी सुपारी आडवी झाली. त्यानंतर वही घेऊन दोन माणसं आली. पडलेल्या झाडांचे फोटो काढले, कोणाची वाडी म्हणून विचारलं, नाव लिहिलं. ज्यांची नावं वहीत आली त्यांना पुढे सुपारीची रोपं मिळाली. जाऊ तेव्हा मुंबईत सुनेच्या बाळंतपणाला अडकलेली. तिचं नाव राहिलं. नंतर किती हेलपाटे घातले तिनं! शेवटी "वहीत नाही" एवढ्या दोन शब्दांवर विषय संपला. तिच्या वाडीत अजून मधोमध भगदाड आहे, भर दुपारी तिथे लख्ख ऊन पडतं. दुसरीकडे उन्हाचं कौतुक असेल. सुपारीच्या वाडीत ऊन म्हणजे हसताना पुढचा दात नसावा तसं.

तेव्हा आमच्या आळीत वही, फोटो आणि खराब झालेलं झाड ही तीन एका जागी दिसली की लोकांच्या डोळ्यांपुढे रोपं येतात. मी सांगून सांगून थकले, की बायांनो, ती शिकणारी मुलगी आहे, सरकारची नाही. मी जितकं नाही म्हणे तितकी त्यांची खात्री वाढे. "यांचं नाव लागलं ना, आता असंच बोलणार."

पाचव्या दिवशी मुलगी त्या कुंपणावरच्याच कुसरीचा पापुद्रा बघत बसली होती. चहा ठेवला तो तसाच गार झाला. बऱ्याच वेळानं मान वर केली.

"आजी, ही वेगळी दिसते. हिच्या केसांची टोकं फुटलेली आहेत, बेचकीसारखी. माझ्या कुठल्याच यादीत नाही अशी."

"मग लिही की."

"नाही लिहिता येत. बी पाहिल्याशिवाय जात ठरवता येत नाही. आणि या गोळ्या अजून कोवळ्या आहेत, बी धरलीच नाही. आठवडा तरी लागेल." मग जरा थांबून म्हणाली, "हे मिळालं तर शेवटचं प्रकरण उभं राहतं. नाहीतर सर म्हणालेत, तेवढं प्रकरण गाळून टाक. ते चार महिन्यांत निवृत्त होतायत. ते गाळलं तर सहा वर्षांचा नकाशा अर्धाच राहिला." हसत हसतच बोलली, पण गार चहा तसाच ठेवून पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकली.

मधल्या दिवसांत ती म्हसळ्याला जाणार होती. तिकडच्या रानातल्या कुसरीवर हीच बुरशी आहे का ते बघायला. एसटीत चढताना म्हणाली, "आजी, फक्त त्या वेलाला कोणी हात लावू देऊ नका."

म्हटलं, "मी आहे ना."

हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळांना दिलंय.

सोमवारी ती गेली. बुधवारी आमच्या विहीणबाई आल्या. म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई. दोन आळ्या सोडून राहतात. इकडचं तिकडचं झालं, लाडू झाला, चहा झाला. मग म्हणाल्या, "ऐकलं, तुमच्या कुंपणावर काहीतरी निघालंय."

मी पुन्हा सगळं पुराण सांगितलं. काजळी वेगळी, ही वेगळी, बी, जात, प्रकरण. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते खरं हो. पण उद्या ती वही घेऊन आमच्याकडे आली, तर दाखवायला काही नको का? एक डहाळी द्या ना, विहीणबाई."

आता विहिणीला नाही म्हणायचं, हे आमच्यात कोणी शिकवलंच नाही. लेक त्या घरात दिल्यापासून मी त्यांना आंबे दिलेत, सोलं दिलीत, माझी नवी कोरी किसणी दिली. नाही म्हटलेलं आठवत नाही. शिवाय मनाशी म्हटलं, एवढा मोठा वेल, एका डहाळीनं काय होणार! आणि लिहायलाच बसले आहे तर हेही लिहिते. आळीभर मी "रोपंबिपं काही नाही" म्हणून सांगत फिरत होते, पण आत कुठेतरी वाटलं, समजा आलीच, तर माझ्या लेकीची वाडी राहायला नको.

कात्री घेऊन गेले. द्यायची वस्तू पारखून द्यायची, ही हाताला सवय. वेलावरची उत्तमातली उत्तम डागाळलेली डहाळी शोधून कापली आणि विहीणबाईंच्या हातात ठेवली.

त्यांनी ती भर सकाळी दोन आळ्यांतून उघड्या हातानं नेली. लोकांनी विचारलं, काय नेताय? विहीणबाई खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. "आमच्या विहीणबाईंनी दिली," म्हणून सांगत गेल्या.

दुसरा दिवस मार्गशीर्षातला गुरुवार. घरोघर लक्ष्मीचा कलश मांडायचा, त्यात पाच झाडांच्या डहाळ्या लावायच्या, पूजा, कहाणी, संध्याकाळी हळदीकुंकू. मी दिवसभर घरात गुंतलेली. बायका पुढच्या दारानं येत होत्या आणि मागच्या दारानं जात होत्या. मी म्हटलं, आज सगळ्यांना माझी वाडी बघायची हौस फार. शुक्रवारी सकाळी कुंपणाशी गेले, तर वेल पिसं काढलेल्या कोंबडीसारखा. माझ्या बाजूनं एक ठिपक्याचं पान नाही. जाऊच्या बाजूनं बघितलं, तिथेही नाही.

रविवारी मुलगी परत आली. उन्हानं रापलेली, पायांना काटे लागलेले. म्हसळ्याच्या रानात कुसर होती म्हणे हवी तेवढी, पण सगळी स्वच्छ. "म्हणजे आता तुमच्या कुंपणावरचीच काय ती," म्हणाली आणि तडक मागे गेली. मी तिच्या मागून गेले.

ती वेलापुढे उभी राहिली. "गुरं शिरली का, आजी?"

हो म्हटलं असतं तर सुटले असते. इथल्या मोकाट गुरांना कोण जाब विचारतो! मी तोंड उघडणार, एवढ्यात जाऊनं कुंपणावरून हाक मारली, "बाई, आलात का? आमच्या वाडीतही निघालंय हो! या, लिहून घ्या."

मुलीचा चेहरा असा उजळला की माझ्यानं बघवेना. वही घेऊन धावलीच.

जाऊच्या अंगणात जास्वंदीच्या फांदीला कुसरीची पानं शिवणकामाच्या काळ्या दोऱ्यानं बांधलेली होती. पुढच्या घरी कढीलिंबाला. त्याच्या पुढे क्रोटनला, भाताच्या खळीनं चिकटवून. आमची सुपारी उतरवायला जो माणूस येतो तोही वाटेत उभा, "बाय, माझ्याकं पन हाय! लिवा माझं!" त्यानं तर थेट सुपारीच्या खोडाला सुतळीनं आवळलं होतं. जी बुरशी आपलं झाड सोडून दुसऱ्याला शिवत नाही, ती आमच्या आळीनं दोन दिवसांत सात जातींच्या झाडांवर नांदवली. मुलीनं सहा वर्षांत पाहिला नसेल एवढा प्रसार झाला.

पहिल्या घरी ती चक्रावली. दुसऱ्या घरी तिनं दोरा बघितला. त्यानंतर तिनं वही उघडलीच नाही, नुसती छातीशी धरून फिरली. पानं सगळी सुकून चुरचुरीत. एक उचलून भिंगातून पाहिलं आणि खाली ठेवलं. कोवळ्या गोळ्या वाळून चपट्या झाल्या होत्या.

परत जाऊच्या अंगणात आलो तोवर मागे सातआठ बायका जमलेल्या.

"ही पानं तुमच्याच वाडीतली ना?" तिनं विचारलं.

"आमचीच," जाऊ म्हणाली.

"कधीपासून आहेत?"

"पूर्वीपासून."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मुलगी म्हणाली, "मला खरी जागा कळल्याशिवाय लिहिता येत नाही. खोटी जागा लिहिण्यापेक्षा काहीच न लिहिलेलं बरं." वहीचं रबर लावलं आणि मला म्हणाली, "आजी, मी दुपारच्या गाडीनं निघते."

तेव्हा मात्र माझ्यानं राहवेना. म्हटलं, "थांब. पहिली डहाळी मी कापली. माझ्या हातानं. कळत असून."

जाऊ माझ्याकडे बघतच राहिली. "वहिनी, तुम्ही?"

"मीच. विहिणीला दिली."

"मग मी काय वाईट केलं?" ती उसळून म्हणाली. "मी तर माझ्याच बाजूची कापली!" आणि बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय बोललो. मग एकेक जण पुटपुटायला लागली. मी तीनच पानं घेतली, मी खाली पडलेली घेतली, मला हिनं दिली.

मुलगी पायरीवर बसली. "माझ्याकडे रोपं नाहीत हो," म्हणाली. "मला स्वतःला कुंडीतली तुळस जगवता येत नाही."

"मग हे लिहायचं कशासाठी?" जाऊनं विचारलं.

"कुठे कोण राहतं ते कुणीतरी लिहून ठेवलेलं असावं, म्हणून."

"बुरशीचं?"

"बुरशीचं."

"आणि आमचं राहिलेलं कोण लिहितं, गं?"

मुलीनं वहीचं रबर काढलं, पुन्हा लावलं. जाऊच आत गेली आणि तिला पाणी आणून दिलं. आमची जाऊ अशी आहे.

पाणी पिऊन मुलीनं विचारलं, "आजी, ती पहिली डहाळी कुठे गेली?"

दोन आळ्या आम्ही सगळ्या मिळून गेलो. वरात म्हणा ना! विहीणबाई दारातच घाबरल्या. विचारलं तर म्हणाल्या, "आहे की. लक्ष्मीच्या कलशात लावली होती."

मी म्हटलं, "अहो, देवीला डागाळलेलं पान?"

"आता त्यातनं रोपं येणार होती ना हो! म्हटलं देवीपुढेच ठेवावी. शुक्रवारी बाकीच्या चार डहाळ्या काढल्या, पण हिला काढायला मन होईना. तांब्यात ठेवलीय."

स्वयंपाकघराच्या खिडकीत, चुलीच्या उबेत, तांब्यातल्या पाण्यात ती डहाळी हिरवीगार उभी होती. वर हळदीकुंकू वाहिलेलं. मुलीनं तांब्या दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या घरापर्यंत तसाच आणला, थेंब न सांडता.

टेबलावरची लोणच्याची बरणी मी पटकन बाजूला घेतली. नेलपॉलिशचा हात दिला. वाळायला किती वेळ लागतो ते! बायका दारात, खिडकीत. पापुद्रा निघाला, काचेवर गेला. ती वाकली. मी तिच्या पाठीकडे बघत उभी. पाठ हलेना.

"आधी मला लाल दगड दिसतोय एक मोठा," म्हणाली. "कुंकू आहे." मग चाक फिरवलं. मग पुन्हा फिरवलं. "पिकलीय, आजी. बी पिकलीय. पाच खणांची."

त्यानंतर सगळ्यांनी रांगेनं बघितलं. जाऊनं सर्वांत जास्त वेळ बघितलं. काय दिसलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "अळ्याच दिसतात," पण दुसऱ्यांदा रांगेत उभी राहिली.

फाल्गुनात मुलीचा फोन आला. बुरशी नवी नव्हती. कुणीतरी फार पूर्वी, खूप खाली दक्षिणेकडे, ह्याच वेलावर ती पाहून तिला नाव देऊन ठेवलं होतं. जुन्या कुठल्या पुस्तकाच्या कोपऱ्यात तिला ते सापडलं. मला वाईट वाटलं. इतकी पळापळ करून नाव आयतंच निघालं. ती म्हणाली, "अहो आजी, पण आपल्या किनाऱ्यावर आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. सरांनी प्रकरण ठेवलं. सही केली."

मग नकाशाची एक प्रत तिनं टपालानं पाठवली. वर उरण, खाली आम्ही, मध्ये किनाऱ्याची वेडीवाकडी रेघ आणि तिला जिथे जिथे काही सापडलं तिथे काळा ठिपका. आमचा ठिपका मी चष्मा लावून बघितला. एवढ्याशा नकाशावर तो असा टपोरा, की त्याच्याखाली माझी वाडी आली, जाऊची आली, विहीणबाईंच्या दोन आळ्या आल्या, वर थोडा समुद्रही आला.

जाऊला बोलावून दाखवला. तिनं कागद उजेडाकडे धरला, ठिपक्यावर नखानं मधोमध रेघ ओढली.

"ही माझी बाजू?"

"ही तुझी."

तिनं पुन्हा नीट बघितलं. "वहिनी," म्हणाली, "तुमची अर्धी जरा मोठी वाटते."